बेंचवरची माणसं

'बेंचवर आहे' म्हणजे काय, हे आपल्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. एक प्रोजेक्ट संपलं, दुसरं मिळालेलं नाही, फोन वाजण्याची वाट पाहत बसायचं. २००१ च्या शेवटी मंदी आली तेव्हा बॉस्टनजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं राहत होतो आणि त्यातले तिघं बेंचवर होतो. रविवारी दुपारी करायला दुसरं काही नसायचं, म्हणून टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल बघू लागलो. पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात, तरी फुटबॉल का म्हणतात, इथपासून आमची सुरुवात होती.

त्या मोसमाची अंतिम लढत ज्या दोन संघांत झाली, त्यांची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. कुवतीपेक्षा जास्त करून दाखवणारे संघ म्हणून या दोघांचं नाव हमखास निघतं. पण नीट पाहिलं तर 'कुवत' या शब्दाबद्दलच शंका येऊ लागते.

पहिला संघ सेंट लुईसचा, रॅम्स. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसहून सेंट लुईसला आलेला हा संघ नव्वदच्या दशकात जवळजवळ सतत हरत होता. १९९८ मध्ये १६ पैकी ४ सामने जिंकले, १२ हरले. प्रशिक्षक डिक व्हर्मील साठी ओलांडलेले. अतिश्रमानं थकून १९८२ च्या मोसमानंतर त्यांनी हा पेशा सोडला होता आणि १४ वर्षांनी ते परतले होते. १९९९ साठी संघानं ट्रेंट ग्रीन नावाचा नवा क्वार्टरबॅक आणला. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो खेळाडू. ग्रीन सेंट लुईस परिसरातच वाढलेला, म्हणजे घरचाच मुलगा. मोसम सुरू होण्याआधीच्या सराव सामन्यात, ऑगस्टच्या अखेरीला, त्याचा गुडघा गेला. पत्रकारांसमोर बोलताना व्हर्मील यांचे डोळे भरून आले.

ग्रीनच्या जागी आला कर्ट वॉर्नर, वय २८. १९९४ मध्ये महाविद्यालयातून बाहेर पडला तेव्हा एकाही संघानं त्याला निवडलं नव्हतं. ग्रीन बे पॅकर्सनं सराव शिबिरातूनच परत पाठवलं. मग आयोवातल्या सीडर फॉल्सच्या हाय-व्ही या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचं काम, ताशी साडेपाच डॉलर. त्यानंतर छताखाली, छोट्या मैदानावर खेळला जाणारा अरीना फुटबॉल, आणि पुढे अ‍ॅमस्टरडॅमचा संघ. १९९८ मध्ये रॅम्सकडून तो एका सामन्यात थोडा वेळ खेळला आणि ११ पैकी ४ पास पूर्ण केले. १९९९ च्या सुरुवातीला क्लीव्हलँडचा नवा संघ उभा राहत होता. इतर संघांनी जे खेळाडू राखून ठेवले नव्हते, त्यांतून क्लीव्हलँडला निवड करायची होती. रॅम्सनं वॉर्नरला राखून ठेवलं नाही आणि क्लीव्हलँडनंही त्याला उचललं नाही.

अशा माणसानं त्या मोसमात ४१ टचडाउन पास फेकले आणि लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. रॅम्स १३ सामने जिंकले, ३ हरले. ३० जानेवारी २००० ला अटलांटात त्यांनी टेनेसी टायटन्सना २३-१६ असं हरवलं. अगदी शेवटच्या चालीत टायटन्सच्या केव्हिन डायसनला माइक जोन्सनं गोलरेषेपासून एका यार्डावर पाडलं, म्हणून ते जमलं.

आता यात नशिबाचा भाग किती आणि व्यवस्थेचा किती? या लीगचे नियमच असे आहेत की तळाचा संघ तळाशी राहू नये. सर्वांत वाईट संघाला नव्या खेळाडूंत पहिली निवड मिळते. ही पद्धत १९३६ पासून चालू आहे आणि ती कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. १९९४ पासून पगारावर कमाल मर्यादाही आली, त्यामुळे श्रीमंत मालकाला सगळे चांगले खेळाडू विकत घेता येत नाहीत. रॅम्सनं याच वाटेनं ऑरलँडो पेस आणि टॉरी होल्ट मिळवले आणि मार्शल फॉकला इंडियानापोलिसकडून अदलाबदलीत आणलं. म्हणजे रान तयार होतं. पण वॉर्नर कुठल्याच निवडपद्धतीतून आला नव्हता. त्याला मोजायलाच सगळे विसरले होते.

दुसरा संघ आमच्या अंगणातला, न्यू इंग्लंड पेट्रियट्स. २००० मध्ये ५ विजय, ११ पराभव. मार्च २००१ मध्ये त्यांनी आपला क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याच्याशी १० वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. ११ सप्टेंबरनंतर एक आठवडा लीग बंद राहिली. पुन्हा सुरू झाल्यावरच्या पहिल्याच सामन्यात, २३ सप्टेंबरला, न्यूयॉर्क जेट्सच्या मो लुइसची धडक ब्लेडसोला इतक्या जोरात बसली की छातीत रक्तस्राव होऊ लागला. त्याच्या जिवावर बेतलं होतं.

त्याच्या जागी टॉम ब्रेडी आला. आज हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तेव्हा तो कोण होता हे मुद्दाम सांगतो. २००० च्या निवडीत १९९ वा. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. पहिल्या वर्षी संघातल्या चार क्वार्टरबॅकपैकी चौथा, आणि वर्षभरात पूर्ण केलेला पास एक. बाकीचा संघही असाच जमवलेला होता. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी इतर संघांना फारसे नको असलेले खेळाडू कमी पैशांत गोळा केले होते. त्यातला माइक व्रेबल पिट्सबर्गमध्ये राखीव होता.

नोव्हेंबरात पेट्रियट्स रॅम्सकडून हरले तेव्हा ५ विजय, ५ पराभव अशी स्थिती होती. त्यानंतर ते एकही सामना हरले नाहीत. ३ फेब्रुवारी २००२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये पुन्हा रॅम्सच समोर आले. दोन वर्षांपूर्वीचा बिचारा संघ आता १४ विजय मिळवलेला बलाढ्य संघ झाला होता, आणि सट्टेबाजांच्या हिशेबानं तो १४ गुणांनी जिंकणार होता. पेट्रियट्स मैदानात आले ते एकेकाचं नाव पुकारून नव्हे, तर सगळा संघ एकदम.

रॅम्सनं ४२७ यार्डांची मजल मारली, पेट्रियट्सनं फक्त २६७. पण बेलिचिक यांच्या बचावफळीनं फॉकला प्रत्येक चालीत धक्के देऊन जखडलं आणि तीन वेळा चेंडू हिसकावला. त्या तीन चुकांतूनच पेट्रियट्सचे १७ गुण झाले. वॉर्नरनं शेवटी १७-१७ अशी बरोबरी साधली. जेमतेम दीड मिनिट उरलं होतं, एकही टाइमआउट शिल्लक नव्हता. समालोचक जॉन मॅडन म्हणत होते की आता जोखीम नको, जादा वेळेत बघू. ब्रेडी पुढे सरकत राहिला. अ‍ॅडम व्हिनाटिएरीनं ४८ यार्डांवरून लाथ मारली. २०-१७. खालच्या मजल्यावरचे लोक छताला काठी आपटतील म्हणून आम्ही घाबरलो, तर तेही ओरडतच होते!

त्या रात्री मला वाटलं होतं की मेहनत केली की फळ मिळतं. आज ते पटत नाही. वॉर्नर आणि ब्रेडी मेहनत आधीही करतच होते. त्यांना संधी मिळाली ती दुसऱ्याचा गुडघा गेला म्हणून, दुसऱ्याच्या छातीत रक्त साचलं म्हणून. ग्रीन किंवा ब्लेडसो धडधाकट राहिले असते तर ही दोन नावं आपल्या कानावर आली असती का? आणि असे किती असतील, ज्यांच्या पुढचा माणूस कधी पडलाच नाही? ब्लेडसोचंही लक्षात ठेवा. पिट्सबर्गविरुद्धच्या उपांत्य लढतीत ब्रेडी जखमी झाला तेव्हा तोच मैदानात उतरला आणि संघाला जिंकून देऊन पुन्हा बाकावर जाऊन बसला. काही महिन्यांत त्याची रवानगी बफेलोला झाली.

आमच्या अपार्टमेंटमधल्या तिघांपैकी मला मार्चमध्ये काम मिळालं. एका क्लायंटकडचा माणूस अचानक सोडून गेला म्हणून. दुसऱ्या रूममेटला उन्हाळ्यात मिळालं. तिसरा आमच्यात सगळ्यात हुशार होता. मेमध्ये तो सामान बांधून भारतात परतला.

पुढच्या सुपर बोलला तुमच्याकडे मंडळी जमतील, समोसे-चटणी असेल, जाहिरातींवर चर्चा होईल. मधेच कॅमेरा कडेला उभ्या असलेल्या एखाद्या खेळाडूवर जाईल. डोक्यावर टोपी, कपडे कोरे, हातात चालींचा कागद. त्याचं नाव काय, एवढं शेजारच्याला विचारून ठेवा.