आबालालांचा उजेड

अंबडमधून दिवेलागणीला पांडवलेण्यांच्या डोंगराकडे पाहा. दुपारी तपकिरी दिसणारा कडा त्या वेळी जांभळा होतो. डोंगर तोच, बदलतो तो उजेड. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी आयुष्यभर पाहिलं ते हेच.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले, पुढे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले. पण त्यांचा जीव रमला कोटितीर्थाच्या आणि रंकाळ्याच्या काठी. फ्रान्समध्ये मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या त्याच त्या गंजी वेगवेगळ्या प्रहरी रंगवल्या. आबालालही त्याच तळ्यांकडे पुन्हा पुन्हा वळले.

आता जलरंगाची गंमत बघा. यात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. तो कुठे सोडायचा, हे कुंचला टेकवण्याआधीच ठरवावं लागतं. आणि सावली? ती काळी नसतेच. तिच्यात आभाळाची निळाई उतरलेली असते.

१९३१ साली आबालाल गेले. दरबारी चित्रात माणूस ओळखू यावा लागतो. त्यांच्या तळ्याच्या चित्रात ओळखू येते ती वेळ. आपल्याकडच्या चित्रकलेच्या इतिहासात हे पाऊल लहान नाही.