शिक्षणाचा कायदा आणि शाळेचे दार : 1856 ते 2024

पालि वाङ्मयात ‘आचरियमुट्ठि’ असा एक शब्द आढळतो. आचार्याने विद्या मुठीत झाकून ठेवावी आणि मर्जीतल्या शिष्यालाच द्यावी, ही वृत्ती त्या शब्दाने सूचित होते. आपल्या धम्मात अशी मूठ नाही, असे तथागतांनी अखेरच्या काळात आनंदाला सांगितले. आधुनिक काळात विद्या सार्वजनिक शाळेत आली, परंतु मूठ नाहीशी झाली नाही; ती शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या हाती गेली. हे कसे घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

1856 साली तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. त्याची बाजू तत्त्वतः न्याय्य आहे, हे मुंबई सरकारने नाकारले नाही. तथापि एका मुलाला घेतल्याने इतरांना शाळा निरुपयोगी होईल, असे कारण देऊन प्रवेश मात्र नाकारला. पुढे 1858 मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांना खुल्या असल्याचे स्पष्ट केले. तत्त्व प्रस्थापित झाले. पण ते अमलात कोणी आणावयाचे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे फळ आकड्यांत दिसते. 1881-82 साली मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांत ब्राह्मण विद्यार्थी 63,071 होते आणि अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींचे अवघे 2,862. महाविद्यालयात या जातींचा एकही विद्यार्थी नव्हता. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमक्या याच विषमतेवर बोट ठेवले. महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, असे सांगून त्यांनी निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. आयोगाने समान प्रवेशाच्या तत्त्वाचा पुनरुच्चार केला, परंतु ते सावधगिरीने अमलात आणावे असे सुचविले आणि जेथे पुरेशी मुले असतील तेथे वेगळ्या शाळांना उत्तेजन देण्याची शिफारस केली. ही ‘सावधगिरी’ कोणाच्या भावना जपण्यासाठी होती, हे वाचकांस सांगावयास नको.

इच्छा असलेला राज्यकर्ता काय करू शकतो, हे करवीर संस्थानाने दाखविले. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसामान्य शाळांत प्रवेश देण्याचा हुकूम काढला. ब्रिटिश मुलखात मात्र गोपाळ कृष्ण गोखले यांचे 1911 चे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मंजूर झाले नाही.

मुंबई इलाख्यात 1923 हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, शाळा आदी अस्पृश्यांना खुले करणारा ठराव विधिमंडळाने संमत केला. त्याच वर्षी झालेल्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे सोपविला. मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या या मंडळांत अस्पृश्यांचा आवाज जवळपास नव्हताच. एका हाताने दार उघडले आणि किल्ली मात्र दार बंद ठेवणाऱ्यांच्याच हाती दिली! म्हणूनच 1928 साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपविण्यास विरोध केला. अधिकार कागदावर असणे आणि तो बजावणारी यंत्रणा आपली असणे, यांतील अंतर त्यांनी अचूक ओळखले होते.

घटना समितीत 23 नोव्हेंबर 1948 रोजी या प्रश्नाची चर्चा झाली. मसुद्यातील ‘प्रत्येक नागरिकाला हक्क आहे’ या अर्थाचे शब्द वगळण्याची लक्ष्मीकांत मैत्र यांची दुरुस्ती बाबासाहेबांनी स्वीकारली, हे आम्ही लपवू इच्छित नाही. मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात हक्काची भाषा बसत नव्हती. परंतु ही तरतूद केवळ प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित करण्याची सूचना त्यांनी मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास घटना मनाई करते; मग त्या वयापर्यंत मूल शाळेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कलम 45 मधील दहा वर्षांची मुदत मात्र पाळली गेली नाही. 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क मानले. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने कलम 21-अ आले आणि शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला.

तरीही जुना डाव संपलेला नाही. या कायद्यान्वये खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील किमान 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास अशा खासगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये हा बदल रद्द ठरविला. मूळ कायदा शाबूत ठेवून नियमाच्या वाटेने तो निष्प्रभ करणे, ही 1856 च्या ‘तत्त्व मान्य, प्रवेश अमान्य’ याच पद्धतीची नवी आवृत्ती होय.

या इतिहासातून आमच्या मते एक बोध निघतो. 1923 मध्ये आपणास जे नव्हते, ते आज कायद्याने दिले आहे. शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि त्यांत वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व असावे, अशी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 मध्ये तरतूद आहे. आपल्या वस्तीतील किती पालक या समितीच्या सभेस बसतात? शाळेचे अनुदान, शिक्षकांच्या रिक्त जागा, मुलांची गळती यांचा हिशेब किती जण मागतात? उपासक-उपासिकांनी विहारात जमल्यावर हाही विषय घ्यावा. न्यायालयाचा निकाल दार उघडू शकतो. ते उघडे राहावे यासाठी उंबरठ्यावर आपले माणूस उभे असावे लागते.