नाडीमापन, प्रकाशीय
त्वचेत प्रकाश सोडून, तिच्यातून आरपार गेलेल्या किंवा परत आलेल्या प्रकाशातील चढउतारांवरून हृदयाच्या ठोक्यांची गती ठरविण्याच्या पद्धतीस प्रकाशीय नाडीमापन म्हणतात. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर त्वचेखालील लहान रोहिण्यांतील रक्ताचे घनफळ किंचित वाढते, अधिक प्रकाश शोषला जातो व संवेदकावर पडणारा प्रकाश तेवढा कमी होतो. बोटाला लावावयाचा चिमटा, मनगटी घड्याळ व अंगठी ही उपकरणे याच तत्त्वावर चालतात. मनगटावर हा बदल एकूण प्रकाशाच्या जेमतेम एक-दोन टक्के, पुष्कळदा त्याहूनही कमी असतो. हा लहान, बदलता भाग मोठ्या व जवळजवळ स्थिर भागापासून वेगळा काढणे, हेच या तंत्रापुढील मुख्य कार्य होय.

इतिहास : भारतीय वैद्यकात नाडीपरीक्षेचे सविस्तर वर्णन शार्ङ्गधरसंहितेत आढळते. यूरोपात सतराव्या शतकाच्या प्रारंभी सांतोरिओ यांनी लंबकाच्या साहाय्याने नाडीची गती मोजली, तर १८६० च्या सुमारास फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक मारे यांनी तरफेच्या साहाय्याने नाडीचा आलेख काढणारे उपकरण तयार केले. या सर्व पद्धती स्पर्श व दाब यांवर आधारलेल्या होत्या. १९३० नंतरच्या दशकात प्रकाशविद्युत् घट उपलब्ध झाल्यावर प्रकाशाचा उपयोग शक्य झाला. अमेरिकेत हर्ट्‌झमन यांनी १९३७ च्या सुमारास बोटातील रक्ताच्या घनफळाचे स्पंद या रीतीने नोंदविले. त्यापूर्वीच, १९३५ मध्ये, जर्मनीत माथेस यांनी दोन तरंगलांब्यांचा प्रकाश कानाच्या पाळीतून पाठवून रक्तातील ऑक्सिजनाचा अंदाज घेतला होता. दुसऱ्या महायुद्धकाळात मिलिकन यांनी उंचावर उड्डाण करणाऱ्या वैमानिकांसाठी कानाला लावावयाचा ऑक्सिजनमापक तयार केला.

या उपकरणांत मोठा दोष होता. त्वचा, हाड, ऊती व नीलांतील रक्त हेही प्रकाश शोषतात. त्यांचा वाटा वजा करण्यासाठी कानाची पाळी दाबून रक्तहीन करणे यांसारखे उपाय योजावे लागत. जपानमधील निहॉन कोडेन या कंपनीतील अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७२ च्या सुमारास यातून वाट काढली. हृदयाकडून होणारा रक्तप्रवाह रंगद्रव्य टोचून मोजण्याच्या प्रयोगात नाडीचे स्पंद त्यांच्या आलेखात व्यत्यय आणीत होते. ते नाहीसे करण्याचा प्रयत्न करताना हा बदलता भाग केवळ रोहिणीतील रक्तामुळे उत्पन्न होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. यामुळे ज्याला व्यत्यय मानले जात होते तोच मापनाचा आधार बनला. हे कार्य १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ व सूक्ष्म संकलित मंडले स्वस्त झाली आणि १९८० नंतरच्या दशकात नाडी-ऑक्सिजनमापक शस्त्रक्रियागृहांतील नित्याचे उपकरण बनले. २०१० नंतर मनगटी घड्याळांत या तंत्राचा प्रसार झाला.

मंडल रचना : प्रकाश द्विप्रस्थात निर्माण होणारा अतिसूक्ष्म प्रवाह प्रथम विवर्धकाच्या साहाय्याने विद्युत् दाबात रूपांतरित करतात. संकेत सरसकट वाढविला, तर स्थिर भागानेच विवर्धकाची मर्यादा गाठली जाते व स्पंद लुप्त होतो. म्हणून स्थिर भाग आधी वजा करतात. त्यानंतर गाळणी मंडलाने सुमारे ०·५ ते ४ हर्ट्‌झ, म्हणजे मिनिटाला ३० ते २४० ठोके, एवढाच पट्टा राखतात. सभोवतालचा प्रकाश वगळण्यासाठी द्विप्रस्थ क्षणभर लावून व क्षणभर विझवून दोन्ही वेळचे मापन घेतात आणि त्यांतील फरक काढतात. यामुळे विद्युत् घटाचीही बचत होते. भारतात विद्युत् पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने त्यावर चालणारे दिवे सेकंदास १०० वेळा लुकलुकतात. नमुने घेण्याची गती नीट निवडली नाही, तर हे लुकलुकणे नाडीसारख्या मंद तरंगाचे रूप धारण करू शकते. हीमोग्लोबिन हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषते व हा प्रकाश फार खोल जात नाही. म्हणून हालत्या मनगटावर नाडीची गती मोजण्यास तो सोयीचा ठरतो. ऑक्सिजनासाठी मात्र तांबडा (सुमारे ६६० नॅनोमीटर) व अवरक्त (सुमारे ९४० नॅनोमीटर) असे दोन प्रकाश लागतात. प्रत्येकातील बदलत्या भागास स्थिर भागाने भागून आलेल्या दोन संख्यांचे गुणोत्तर काढतात. या गुणोत्तरावरून टक्केवारी ठरविणारे कोष्टक निव्वळ गणिताने मिळत नाही. निरोगी स्वयंसेवकांना क्रमाने कमी ऑक्सिजनाची हवा देऊन व त्यांच्या रोहिणीतील रक्ताचे नमुने तपासून ते तयार केलेले असते.

महाराष्ट्रातील कार्य व वापर : मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात शरीराच्या विद्युत् संरोधातील बदलांवरून रक्तप्रवाह मोजणारी उपकरणे विकसित झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००७ मध्ये ‘नाडी तरंगिणी’ ही मनगटावरील तीन ठिकाणांचे स्पंद दाब संवेदकांनी नोंदविणारी प्रणाली मांडली. या दोन्ही पद्धती प्रकाशीय नव्हेत. सर्वसामान्यांचा प्रकाशीय मापनाशी मोठ्या प्रमाणावर परिचय झाला तो कोविड-१९ च्या साथीत. राज्य शासनाने १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबविली. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांच्या वाशिम जिल्ह्यातही, राज्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे, पथकांनी घरोघरी जाऊन तापमानाबरोबर बोटावरील ऑक्सिजनमापन केले. शस्त्रक्रियागृहातील उपकरण अशा प्रकारे अंगणात आले. आओयागी यांचे त्याच वर्षी १८ एप्रिल रोजी निधन झाले होते.

मर्यादा : शस्त्रक्रियागृहात रुग्ण निश्चल असतो व प्रकाश नियंत्रित असतो, अंगणात तसे नसते. प्रखर ऊन, थंड पडलेली बोटे, शेतकामाने जाड झालेली कातडी, नखांवरील गडद रंग व हाताची हालचाल यांमुळे संकेत क्षीण किंवा दूषित होतो. रक्तक्षयाच्या रुग्णात हीमोग्लोबिन थोडेच असूनही ते ऑक्सिजनाने पूर्ण भरलेले असू शकते. अशा वेळी उपकरण ९८% दाखविते, परंतु शरीराला मिळणारा एकूण ऑक्सिजन कमीच असतो.

सर्वांत गंभीर मर्यादा त्वचेच्या वर्णाशी निगडित आहे. मेलॅनीन हे रंजकद्रव्य प्रकाश शोषते, आणि कोष्टके तयार करताना गडद वर्णाच्या व्यक्तींचा समावेश दीर्घकाळ अल्प राहिला. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपकरणाने ९२ ते ९६% दाखविले असताना रक्ततपासणीत प्रत्यक्ष प्रमाण ८८% पेक्षा कमी आढळण्याचे प्रसंग गोऱ्या रुग्णांत ३·६%, तर कृष्णवर्णीयांत ११·७% होते. जानेवारी २०२५ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने विविध वर्णांच्या व्यक्तींवर अधिक व्यापक चाचण्या घेण्यासंबंधी मार्गदर्शक मसुदा प्रसिद्ध केला. उन्हात राबणाऱ्या लोकांच्या प्रदेशात या प्रश्नाचे महत्त्व उघड आहे. रुग्णाला रुग्णालयात पाठवावे की घरी ठेवावे, हा निर्णय ९४ व ९५ या अंकांमधील अंतरावर ठरत असेल, तर त्या अंकामागील मंडल व कोष्टक कोणाच्या बोटावर पारखले गेले, ही बाब दुर्लक्षून चालत नाही. म्हणून दर्शकावरील अंकाबरोबर श्वासाची गती, धाप व रुग्णाची एकंदर स्थिती पाहणे आवश्यक ठरते.