विमाधारक, नागरिक, लाभार्थी

आरोग्यसेवेचा इतिहास आपण सहसा साथी, दवाखाने आणि डॉक्टर यांच्या अंगाने वाचतो. राज्यसंस्थेने आजारी माणसाला कोणत्या नावाने ओळखले, या अंगानेही तो वाचता येतो. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या आणि विड्यांच्या शहरात हा प्रश्न निव्वळ शब्दांचा राहत नाही.

दुसरे महायुद्ध चालू असताना या देशापुढे दोन पर्याय मांडले गेले. मार्च १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आले. मजूर खाते तेव्हा डॉ. आंबेडकरांकडे होते. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला आणि त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. मालक आणि कामगार या दोघांनी वर्गणी भरावी, आजारपणात उपचार आणि रोख भत्ता मिळावा, ही त्याची रचना. तिच्यातला रुग्ण 'विमाधारक' होता.

ऑक्टोबर १९४३ मध्ये नेमलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये निराळे उत्तर दिले. बहुसंख्य जनतेला वर्गणी परवडणारी नाही. म्हणून सेवेचा खर्च सरकारने उचलावा आणि पैसे नाहीत या कारणाने कोणीही उपचारांवाचून राहू नये. हा रुग्ण 'नागरिक' होता.

दोन्ही उत्तरे सोलापुरात ताडून पाहण्यासारखी आहेत. १९४८ च्या कायद्याने प्रथम यांत्रिक शक्तीवर चालणारे, वीस वा अधिक कामगारांचे बारमाही कारखानेच कक्षेत घेतले. त्यामुळे गिरणीकामगार त्यात बसला. घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई बसली नाही. कामगाराच्या कुटुंबाला उपचारांचा हक्कही आरंभी आपोआप नव्हता. विडी कामगारांसाठी १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला, विडीवरील उपकरातून दवाखाने चालले. तो उपकर २०१७ मध्ये रद्द झाला. दरम्यान शहरातल्या मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. नोकरी गेली की वर्गणी थांबते, आणि वर्गणी थांबली की ठरावीक मुदतीनंतर उपचारांचा हक्कही सरतो. म्हातारपणी, गरज वाढते तेव्हाच, माणूस 'विमाधारक' उरत नाही.

जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सोलापूर त्यांतला एक. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. तिने नोकरीची अट काढली, शिधापत्रिकेचा रंग पाहिला, आणि रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांचा भार उचलला. अनेक गरीब घरांतली शस्त्रक्रिया त्यामुळे शक्य झाली, हे मान्य करावेच लागेल. मात्र रोजचा खोकला, महिन्याच्या गोळ्या तिच्या यादीबाहेर राहिल्या. इथे रुग्ण 'लाभार्थी' झाला.

विमाधारकाचा हक्क वर्गणीतून येतो, लाभार्थ्याचा यादीतून. नागरिकाचा हक्क मात्र त्याच्या केवळ असण्यातून येतो. आणि आपल्या कायद्यांनी सर्वांत कमी वापरलेला शब्द तोच आहे. भोर समितीचा अहवाल जुना झाला असेल, पण तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेल्या बाईसाठी त्यातले उत्तर अजून अंमलात यायचे आहे.