परसदारचे दप्तर

फराळाची ताटे चार दिवस फिरली की पाचव्या दिवशी घरातली सगळी माणसे मुकाट्याने भाकरी आणि पालेभाजीची वाट पाहू लागतात. म्हणून ऐन दिवाळीत परसातल्या भाजीविषयी चार शब्द लिहिले, तर ते वाचकांना जड होऊ नयेत. मला जुने कागद वाचण्याचा नाद आहे. पण मराठी घराचा जो इतिहास कागदांत सापडत नाही, तो पुष्कळदा मागच्या दाराशी, अळूच्या वाफ्यात आणि दोडक्याच्या मांडवावर सापडतो, असे माझे मत होत गेले आहे.

ऋषिपंचमीचेच पाहा. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणपती आल्याच्या दुसऱ्या दिवशी, बायका हे व्रत करतात. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, असा दंडक आहे. नांगरलेल्या शेतातले धान्य चालत नाही. पूर्वी तेलाच्या घाण्यालाही बैलच जुंपलेला असे, म्हणून कित्येक घरी त्या दिवशी तेलसुद्धा वर्ज्य. मग पानात यायचे काय? वरीचे तांदूळ किंवा देवभात, आणि हाताने खणून, हाताने पाणी घालून परसात वाढवलेली भाजी. अळू, सुरण, माठाचे जाड देठ, पडवळ, शिराळे, भेंडी, असे जे त्या आठवड्यात तयार असेल ते एकाच भांड्यात त्याच्याच पाण्यात शिजवायचे, मीठ आणि चिंचेचा कोळ घालायचा, वर लोण्याचा गोळा सोडायचा. फोडणी नाही, मसाला नाही. नांगर येण्यापूर्वी माणसे हाताने जमीन उकरून पिकवीत होती, आणि ते काम बहुधा बायकांचे होते. त्या काळाची एक पुसट आठवण ह्या साध्या भाजीत राहिली असावी, असे मला वाटते.

आता याच भांड्यात जरा बारकाईने डोकवावे. सुरण, अळू, पडवळ ही मंडळी या देशात फार जुनी. पण त्यांच्या शेजारी लाल भोपळ्याच्या फोडी असतात, मक्याच्या कणसाचे तुकडे असतात. हे दोघेही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला आणि १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले. ह्या घडामोडींनंतरच ती पिके आपल्याकडे आली. प्राचीन ऋषींनी ती कधी पाहिलीही नसणार! तरी त्यांच्या नावाच्या भाजीत ती निर्धास्तपणे शिजतात आणि कोणत्याही आजीने त्यांना हरकत घेतलेली नाही. कारण व्रताचा प्रश्न एवढाच, की हे कोणाच्या कष्टाने पिकले? ते कोठून आले, हे व्रत विचारीतच नाही.

उपवासाच्या फराळाचे तर विचारूच नका. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि ज्या कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, हे सारे अमेरिकेचेच. 'बटाटा' हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून जसाच्या तसा उचलला. उपवासाला धान्य वर्ज्य होते आणि हे नवे पाहुणे धान्यात मोडत नव्हते, एवढ्या फटीतून ते थेट एकादशीच्या पानात येऊन बसले.

या पाहुण्यांपैकी मिरचीने मात्र अभ्यासकांपुढे कोडे टाकले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे संत सावता माळी शके १२१७ मध्ये, म्हणजे १२९५ साली समाधिस्थ झाले. आपल्या मळ्यातल्या भाज्यांतच विठ्ठल पाहणारा त्यांचा अभंग घरोघर म्हटला जातो. त्या अभंगात लसूण-कोथिंबिरीच्या बरोबरीने मिरचीचेही नाव येते. पण मिरची या भूमीवर यायला त्यानंतर दोनशे वर्षे अवकाश होता. त्याआधी आपला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांवर चालत असे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या भोजनाचे एवढे साग्रसंगीत वर्णन आहे, पण मिरचीचा पत्ता नाही. असणार तरी कोठून?

कोणी म्हणेल, अभंगातली मिरची म्हणजे मिरीच. मला ते पटत नाही. मिरीच्या वेलीला मुसळधार पाऊस आणि दाट सावली लागते. अरणच्या कोरड्या माळावर ती तग धरायची नाही. मग हा अभंग खोटा म्हणायचा का? तसेही मला म्हणवत नाही. अभंग शतकानुशतके तोंडोतोंडी चालत आला. पुढच्या कोणा गाणाऱ्याच्या मळ्यात मिरची लागली असेल आणि आपल्या वाफ्यातला विठ्ठल वगळणे त्याच्या जिवावर आले असेल. कागदाच्या कसोटीला हा प्रक्षेप आहे. परसाच्या कसोटीला ती मिरची सावतोबांचीच आहे.

परसाची ही थोरवी राज्यकर्त्यांनीही ओळखली होती. मोगलांशी दीर्घ युद्ध चालू असताना राज्याचा गाडा ओढणारे रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ च्या सुमारास 'आज्ञापत्र' लिहिले. गडकोटांच्या प्रकरणात तट, तोफा, पाणी यांची व्यवस्था सांगता सांगता ते केरकचऱ्याकडेही वळतात. गडावरचा केर खाली टाकू नये, जागच्या जागी जाळावा, ती राख परसात घालावी आणि घरोघर होईल तो भाजीपाला करवावा, अशी त्यांची आज्ञा आहे. गड स्वच्छ राहतो, राखेतून झाडांना क्षार मिळतात, आणि वेढा पडून खालची वाट बंद झाली तरी शिबंदीच्या भाकरीवर हिरवे पान राहते. आपल्या आज्याही चुलीतली राख वांग्याच्या पानांवर भुरभुरवीत आणि न्हाणीचे पाणी अळू-केळीकडे वळवीत. त्यांनी आज्ञापत्र वाचले नव्हते. अमात्यांनीच बहुधा तशाच एखाद्या परसात पाहिले असावे. १९६५ साली अन्नधान्याची चणचण असताना लालबहादुर शास्त्रींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडायला सांगितले आणि अंगणात भाजी लावण्याचाही आग्रह धरला. काळ बदलला, तरी अडचणीच्या वेळी शहाण्या माणसाला परसच आठवले.

आज पुष्कळ घरांना मागचे दारच उरलेले नाही. त्याबरोबर पंचांगातला अर्थही विरत चालला आहे. चातुर्मासात वांगे वर्ज्य आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, भोगीला पावटा, सोलाणे, वांगी, गाजर आणि तिळाची भाकरी. मला हे नियम म्हणजे वाफ्यांचे वेळापत्रकच वाटते. बारा महिने सगळेच बाजारात मिळू लागले, की हे वेळापत्रक नुसते कर्मकांड वाटू लागते.

पण दप्तर अजून बंद झालेले नाही. सज्जात एक पसरट कुंडी किंवा बूड भोकललेला तेलाचा डबा मावेलच. भाऊबीज आटोपली की त्यात मूठभर मेथी पेरावी आणि रोज ओंजळभर पाणी शिंपडावे. महिन्याभरात, चंपाषष्ठीच्या आतबाहेर, ती खुडायला येईल. लोखंडी तव्यावर लसूण आणि मिरची परतून त्यावर ती टाकावी. मिरची कोणाची, हे मात्र जेवताना विचारू नये.