नाव कुलाब्याचं, ठिकाण अलिबागचं

मंडळी, नाव आणि वस्तू यांवर आम्ही तत्त्वज्ञानवाले जन्मभर वाद घालतो; डोमेन घेणाऱ्याला तो दोन दिवसांत कळतो. नाव नोंदलं, होस्टिंगही घेतलं, तरी संकेतस्थळ उघडत नाही. १९८३ पर्यंत सगळ्या यंत्रांचे पत्ते एकाच यादीत असत. पॉल मोकापेट्रिस यांनी ते काम वाटून दिलं, म्हणून आज नावाला नेमसर्व्हर सांगावा लागतो.

स्थलांतराचा धडा मात्र आपल्या किनाऱ्यावर आहे. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार, कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ साली, ते काम अलिबागला आणलं. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही! १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या. म्हणूनच कुलाबा-अलिबाग ही मालिका सलग धरतात.

नागाव-काशिदच्या घरगुती मुक्कामवाल्यांनी हेच करावं. (आणि डोमेन स्वतःच्या नावे घ्यावं, सातबारा कुणी एजंटाच्या नावे ठेवतं का?) नेमसर्व्हर बदलला तरी जुना पत्ता ठिकठिकाणी काही तास, कधी दोन दिवस साठून राहतो. तोवर जुनं होस्टिंग चालू ठेवायचं. नाहीतर ऐन मे महिन्यात निम्मे पाहुणे बंद दारावरून परत जातात.