तिसऱ्याची भाकर : एलिझाबेथफेनचं संग्रहालय

भारतातून पाहुणे आले की त्यांना जर्मनीत काय दाखवायचं, हे आपल्या सगळ्यांचं ठरलेलं असतं. नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा, कोलोनचं कथीड्रल, ऱ्हाईनमधली बोटीची सफर. या यादीत एलिझाबेथफेन हे नाव यायची शक्यता नाही. ओल्डेनबुर्गच्या पश्चिमेला, बार्सेल नावाच्या गावाच्या हद्दीत, एका सरळसोट कालव्याच्या दोन्ही काठांनी पसरलेली ही वस्ती. गावाला चौक नाही, गल्ल्या नाहीत. कालवा हाच गावाचा कणा. त्याच्या काठावरच छोटंसं 'मोअर उंड फेन म्युझियम' आहे. मोअर म्हणजे दलदल. 'फेन' हा शब्द डच भाषेतून आला, त्याचाही मूळ अर्थ दलदलच; पण इथे तो कालवा खोदून दलदलीत वसवलेल्या गावासाठी वापरतात.

आपल्या मनात कालवा म्हणजे पाणी आणणारा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला, माळरानावर ऊस उभा राहिला, सासवडकडची माळी कुटुंबं त्या पाण्यामागे गेली आणि १९३२ साली त्यांनी माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. इथला कालवा नेमका उलटा. पाणी फार झालं म्हणून ते घालवण्यासाठी खोदलेला.

उत्तर जर्मनीतल्या या दलदलीत शेवाळ वर्षानुवर्षं साचत जातं, पण पाण्यामुळे पुरतं कुजत नाही. त्याचाच तपकिरी-काळा थर म्हणजे टोर्फ, इंग्रजीत पीट. हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं. वाळवला की तो लाकडासारखा जळतो. जंगलं तोडून संपलेल्या प्रदेशात हे जळण म्हणजे सोनंच होतं. पण ओल्या टोर्फमध्ये नव्वद टक्के पाणी, आणि त्यावरून बैलगाडी सोडाच, माणूस चालला तरी रुततो. संग्रहालयात घोड्यांच्या खुरांना बांधायच्या लाकडी फळ्या पाहिल्या तेव्हा ते नीट कळलं.

यावरचा तोडगा डच लोकांनी काढला. दलदलीत एक मुख्य कालवा खोदायचा. पाणी वाहून जातं, आणि त्याच कालव्यातून टोर्फ भरलेल्या होड्या शहरात जातात. येताना रिकाम्या यायचं नाही; शहरातलं शेणखत, कचरा, समुद्रकाठचा गाळ भरून आणायचा. टोर्फ काढल्यावर खाली वाळू उरते. बाजूला ठेवलेला वरचा भुसभुशीत थर, वाळू आणि हे खत एकत्र केलं की शेत तयार होतं. जर्मनीत पापेनबुर्ग १६३१ साली याच धर्तीवर वसलं, आणि १६३३ मध्ये एम्डेनच्या चार व्यापाऱ्यांनी ग्रोसेफेन सुरू केलं. एलिझाबेथफेन त्यामानाने तरुण. इथला सुमारे १५ किलोमीटरचा कालवा ओल्डेनबुर्गच्या सरकारने १८५५ ते १८९३ अशी तब्बल ३८ वर्षं खोदला. गावाला नाव मिळालं ग्रँड डचेस एलिझाबेथचं. चिखल मात्र नावं न उरलेल्या माणसांनी उपसला.

या माणसांविषयी इकडच्या बोलीत एक म्हण आहे : पहिल्याला मरण, दुसऱ्याला ददात, तिसऱ्याला भाकर. मूळ म्हणीत डोड, नोट, ब्रोट असं यमक आहे. जर्मनीत दलदलीचा विषय निघाला की ही म्हण हमखास ऐकायला मिळते. परदेशात आलेल्या आपल्यासारख्यांना ती लगेच भिडते. पिढ्यांचं गणित आपणही सतत मांडत असतोच. मुलं काय बोलणार, नातवंडं कुठली म्हणवणार. खरं सांगायचं तर आपली पहिली पिढी विमानाने आली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर झाली, तेव्हा त्या लोकांशी बरोबरी नको.

पण मला ती म्हण पुरती पटत नाही. ती असं सुचवते की दोन पिढ्यांनी सोसलं की तिसरीला फळ मिळणारच, जणू तो निसर्गनियम आहे. तसं नव्हतं, हे पाहायचं तर इथून उत्तरेला आउरिशजवळच्या मोअरडोर्फला जावं. तिथेही दलदलीचं संग्रहालय आहे. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७६५ मध्ये फर्मान काढलं, की बेवारस दलदल आणि माळरान सरकारचं. मग त्यावर वसाहती उठवल्या. १७६७ पासून मोअरडोर्फला भूमिहीन मजूर, सैन्यातून मोकळे झालेले शिपाई येऊन राहिले. जमिनीचे तुकडे लहान, आणि कालव्याचा खर्च कोणी केलाच नाही. कालवा नाही म्हणून टोर्फ बाजारात नेणं कठीण, खत आणणंही कठीण. उरला एकच उपाय : वरचा थर जाळायचा आणि राखेत बकव्हीट पेरायचं. बकव्हीट म्हणजे कुट्टू, उत्तर भारतात उपवासाला खातात ते. इथे उपवास रोजचाच होता. पाच-सहा वर्षांत जमीन निकामी होई, पुन्हा दुसरा तुकडा जाळायचा. लोक मातीच्या झोपड्यांत राहिले, झाडू विकत आणि भीक मागत फिरले. तिसरी पिढी आली, चौथी आली, भाकर काही आली नाही. आजूबाजूच्या गावांनी मात्र ठरवून टाकलं, की हे लोकच आळशी, यांचं रक्तच तसलं. नाझी राजवटीत या शेऱ्याला 'शास्त्रा'चा शिक्का मिळाला आणि मोअरडोर्फच्या माणसांवर सक्तीच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या.

दलदल तीच, कष्ट तेच, फावडंही तेच. फरक एका कालव्याचा. कालव्याच्या गावांत नातवंडं होड्या बांधू लागली, खलाशी झाली. पापेनबुर्गची मायर वेर्फ्ट ही आज अवाढव्य क्रूझ बोटी बांधणारी गोदी १७९५ साली अशाच कालवे-होड्यांच्या गावात सुरू झाली.

जाता जाता शेजारच्या जाटरलांडबद्दल सांगायलाच हवं. चहूकडे दलदल असल्याने तिथे शतकानुशतकं जवळजवळ फक्त नदीतून होडीनेच जाता येई. परिणाम असा, की एके काळी किनाऱ्याकडे सर्वत्र बोलली जाणारी पूर्व फ्रीजियन भाषा इतरत्र संपली, पण इथे टिकली. आज ती बोलणारे सुमारे दोन हजार लोक आहेत. भाषा टिकवायला त्यांच्याकडे मंडळ नव्हतं, रविवारची शाळा नव्हती, चिखल होता. रस्ते झाले, दलदल आटली आणि आता त्यांनाही आपल्यासारखे वर्ग भरवावे लागतात.

एलिझाबेथफेनच्या कालव्यातली मालवाहतूक केव्हाच संपली. हौशी बोटींसाठी लॉक आणि उचलायचे पूल राहिले आहेत. पण दलदलीची गोष्ट संपलेली नाही. टोर्फ पाण्याखाली असतो तोवर हजारो वर्षांचा कार्बन धरून ठेवतो. कोरडा पडला की तोच हवेत सोडू लागतो. जर्मनीतली नव्वद टक्क्यांहून अधिक दलदल आटवली गेली आहे, आणि देशाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे सात टक्के वायू या कोरड्या जमिनींतून निघतात. म्हणून आता ठिकठिकाणी जुने चर बुजवून, बांध घालून पाणी पुन्हा अडवलं जातं. त्या जमिनींवर आज गाई चरतात. ज्यांच्या पणजोबांनी मरून-झुरून ती कोरडी केली, त्या शेतकऱ्यांना ती पुन्हा ओली होऊ द्या म्हणून सांगणं सोपं नाही, आणि त्यांची कुरकुर मला तरी अगदी रास्त वाटते.

आपला यातला वाटा छोटा, पण आहे. बाल्कनीतल्या तुळशीसाठी आपण बाजारातून मातीची जी पिशवी आणतो, तिच्यात बहुतेक वेळा मोठा भाग टोर्फचाच असतो. पिशवीवर 'टोर्फफ्राय' लिहिलेलं असेल तर नसतो. किंमत थोडी जास्त पडते, तुळस मात्र तितकीच चांगली येते.